कलाबाईची दोन सुरांची बोली

साखरखेर्ड्याच्या इंद्रभान सरकटेला गोवर झाला आणि त्यात डोळे गेले, तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला त्यातलं काही आठवत नाही, आणि लोकांना वाटतं तेवढं त्याचं दुःखही त्याला नाही. "जे पाह्यल्याचं ध्यानातच नाई, त्याचं काय घेऊन बसता?" असं तो म्हणतो. त्याच्या मामाची गायन पार्टी होती. मामाने त्याला पेटीपुढे बसवलं, चार शिव्या आणि दोन चापट्या देऊन बोटं सरळ केली, आणि मिसरूड फुटायच्या आत इंद्रभान पार्टीचा पेटीवाला झाला. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कोणाचं नामकरण असो की कोणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन असो, बोलावणं आलं की जीपच्या मागच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन तो निघायचा.

कलाबाई मेहकरकडची. भावाबरोबर गायला यायची. दोघांचं जमलं तेव्हा तिच्या घरच्यांनी आकांत केला. "आंधयाले काऊन देता पोरगी?" असं आत्याने विचारलं, तर कलाबाईच पुढे होऊन बोलली, "सुरात हाये ना तो! डोये असलेले बी बेसूर पाह्यले म्या." त्यानंतर बत्तीस वर्षं जोडी टिकली. ती गायची, तो वाजवायचा. कडव्याच्या मधल्या जागेत ती त्याच्याकडे झुकून पुटपुटायची, "बायका उठून राह्यल्या, लय वाढवा," आणि इंद्रभान लय वाढवायचा. घरी परत आल्यावर दोघं कार्यक्रमाची चिरफाड करत बसायची. ढोलकी कुठे मागे पडली, कोरसवाल्याने कोणता शब्द खाल्ला, तिचा सूर कुठे ढळला, सगळं. एकुलती एक लेक छाया म्हणायची, तुम्ही कार्यक्रमापेक्षा कार्यक्रमाच्या गप्पाच जास्त करता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळची वेळ. इंद्रभान ओसरीत पेटीचा भाता पुसत होता आणि आत कलाबाई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला. त्याला वाटलं, मागच्या दाराशी कोणी आलं असेल. मग जळका वास आला.

"कले, भाकर जळून राह्यली."

उत्तर नाही. तो उठून भिंतीच्या आधाराने आत गेला. पायाला परात लागली, हाताला ओलं पीठ लागलं, आणि पिठातच तिचा हात सापडला. हात गार होता आणि धरला तरी धरवत नव्हता, निसटत होता.

"काय झालं वं?"

"मंग," कलाबाई म्हणाली.

"मंग काय?"

"मंग. मंग मंग."

आवाज तिचाच होता, पण गोधडीच्या आतून यावा तसा जड. इंद्रभानने आधी तवा उतरवला, गॅस बंद केला, आणि मग शेजारच्या वच्छलाबाईला हाका मारल्या. वच्छलाबाई धावत आली आणि दारातच किंचाळली, "भाऊ, हिचं तोंड वाकडं झालं हो!"

आधी चिखली, तिथून बुलढाणा. बारा दिवस सरकारी दवाखान्यात काढले. तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, रक्तदाबाच्या गोळ्या बांधून दिल्या आणि नीट समजावूनही सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय. उजवा हात कमजोर राहील, पाय ओढत का होईना चालता येईल. बोलण्याचं मात्र आज सांगता येत नाही. तिला तुमचं सगळं समजतं, डॉक्टर म्हणाले, फक्त शब्द बाहेर निघत नाहीत.

छाया जालन्याहून आली, तीन आठवडे राहिली. तिची दोन लेकरं लहान. जाताना बापाच्या गळ्यात पडून रडली आणि गेली. मग घरात दोघंच उरली.

पुढचा महिना इंद्रभानला आजही नीट सांगता येत नाही. तिला काही हवं झालं की ती डाव्या हाताने खुणा करायची. खुणा करणाऱ्याला पाहणारं माणूस लागतं, आणि हा तर आंधळा. हा बोलायचा ते तिला सगळं कळायचं, पण उत्तराला तिच्याकडे एकच शब्द उरलेला. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारत बसायचा. "पाणी पायजे? चहा? भाईर जाचं? पाय दुखते? थंडी वाजते?" डोकं हाताखाली आडवं हलायचं. आडवं, आडवं, पुन्हा आडवं. विसाव्या प्रश्नाला दोघंही दमून जायची. तिचं "मंग" चढत जायचं, शेवटी रडण्यात फुटायचं. त्या एका शब्दाचा त्याला इतका वीट आला की रेडिओवर कोणी "मग" म्हटलं तरी तो बटण पिळायचा.

वच्छलाबाई रोज येऊन आंघोळ घालून जायची. ती दारात उभी राहिली की एका नजरेत सांगायची, "भाऊ, ते म्हणते, खिडकी लावा, ऊन डोयावर येते." एवढंच असायचं ते. त्यासाठी त्याने अर्धा तास घालवलेला असायचा. वच्छलाबाईचे उपकार फिटणारे नव्हते, पण बत्तीस वर्षं जी बाई याच्या कानाशी बोलली, तिच्या मनातलं आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, हे त्याला आत कुठेतरी बोचायचं. स्वयंपाक तो करायचा. वरण-भात जमायचा, भाकरी जमायची नाही. रात्री तिने कूस बदलली तरी तो जागा व्हायचा. पेटीवर त्याने चादर टाकली ती टाकलीच.

डॉक्टर शाहीनचं नाव त्याने ऐकलं होतं, पण चांगल्या अर्थाने नाही. ही बाई मूळची देऊळघाटची. चिखलीत तिचा दवाखाना, आणि बाजाराच्या दिवशी ती साखरखेर्ड्याला येऊन बियाण्याच्या दुकानामागच्या खोलीत बसायची. लोक तिला बिनसुईची डॉक्टरीण म्हणत. अंग मोडून आलंय, एक सलाईन लावा म्हणून कोणी गेलं, की ती विचारायची, रात्री किती झोपलात, काय जेवलात, घरात कोणाशी भांडण झालंय का. गरज नसेल तर गोळीसुद्धा न देता परत पाठवायची. माणसं चिडायची. एवढं चालत आलो आणि बाईने नुसतं बोलून वाटेला लावलं!

"तिच्याकडं जाऊन काय फायदा?" वच्छलाबाई म्हणाली. "साधी सुई बी देत नाई."

"सुया पाह्यल्या न म्या बारा दिवस," इंद्रभान म्हणाला. "चाल, बिनसुईची बी पाहू."

खोलीत बियाण्याचा आणि फवारणीच्या औषधांचा उग्र वास भरलेला. डॉक्टर शाहीनने कलाबाईला खुर्चीवर बसवलं, कागद पाहिले, हातपाय हलवून पाहिले, आणि पहिला प्रश्न इंद्रभानला विचारला.

"भाऊ, तुम्ही शेवटचे पोटभर कधी झोपले?"

"बिमार ते हाये, मी नाई," तो तुटकपणे म्हणाला.

"बरं. कलाताई काय गायच्या?"

त्याचं डोकंच फिरलं. "मॅडम, तिले पाणी मांगता येत नाई. गाण्याचं काय विचारता?"

"रागावू नका. तिला पाठ असलेलं, लहानपणापासूनचं एखादं गाणं सांगा. पाळणा असला तरी चालेल."

कलाबाईच्या आईचा एक पाळणा होता. छाया तान्ही असताना घरात तो रोज व्हायचा. इंद्रभानला म्हणायची लाज वाटली. बाहेर पेशंट बसलेले, दुकानात पोती उचलण्याचा आवाज. तरी त्याने घसा खाकरला आणि हळूच पहिली ओळ म्हटली. "नीज माझ्या बाळा, लिंबावर चिमण्या निजल्या..."

तो पुढे जाणार तोच डावीकडून आवाज आला. जाड, थकलेला, पूर्वीपेक्षा दोन-अडीच सूर खाली, पण सुरात. "पाण्यावरल्या पाणकोंबड्या, लव्हाळ्यात निजल्या."

शब्द होते. सगळेच्या सगळे शब्द. इंद्रभानचा हात खुर्चीच्या दांडीवरून घसरला. दारात वच्छलाबाई हुंदका देऊन म्हणाली, "बोलली वं माय, बोलली!"

"कले!" तो ओरडलाच. "बोल! काय म्हनतं, बोल!"

"मंग," कलाबाई म्हणाली.

इंद्रभान म्हणतो, डोळे नसण्याचं दुःख त्याला कधी झालं नाही, पण त्या क्षणी कान नसते तर बरं झालं असतं असं वाटलं.

डॉक्टर शाहीन खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसली. "ऐका भाऊ. बोलण्याची जागा मेंदूत डावीकडे असते, तिथं मार बसलाय. गाण्याचा सूर जास्त करून उजवीकडून येतो. ती बाजू शाबूत आहे. पुढचं दार बंद झालंय, पण मागचं उघडं आहे. बोलायचे शब्द आपण मागच्या दारानं आणून पाहू."

"हे तुमी शोधून काढलं?"

"नाही हो. मोठ्या शहरांत करतात, मी वाचलंय. दोघांवर करून पाहिलं. एका बाईला फरक पडला, एका माणसाला काही नाही झालं. तुम्हाला खोटं सांगणार नाही. महिनोन्‌महिने लागतील. आणि हे करणार कोण? मी आठवड्यातून एकदा येते. शिकवायचं तुम्हाला आहे."

तिने रीत सांगितली. रोज दोनदा, अर्धा-अर्धा तास. एक छोटं वाक्य घ्यायचं. सूर दोनच, एक वरचा, एक खालचा, लांब खेळणाऱ्या लेकराला हाक मारतो तसे. शब्दाच्या तुकड्यागणिक कलाबाईचा डावा हात मांडीवर आपटायचा. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग इंद्रभानने मध्येच थांबायचं आणि तिला एकटीला पुढे जाऊ द्यायचं.

"आणि पेटी नाही," ती म्हणाली.

"पेटी काऊन नाई?"

"पेटी आली की तुम्ही गाणं करणार. मला गाणं नको, बोलणं पाहिजे."

घरी येऊन त्याने वच्छलाबाईपुढे डॉक्टरीणबाईची यथेच्छ निंदा केली. मोठमोठ्या मैफली वाजवलेल्या माणसाने दोन सुरात "पा-णी दे" म्हणत बसायचं! पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिचा डावा हात आपल्या हातात घेतला, दुसऱ्या हाताची बोटं तिच्या जबड्यावर ठेवली, कारण ओठ हलतात की नाही हे त्याला दुसरं कसं कळणार?

"पा-णी दे." थाप, थाप, थाप. "पा-णी दे."

तिचा जबडा हलायचा, घशातून घरघर यायची, सूर यायचा, आणि तोंडावर येता येता शब्द "मंग" होऊन पडायचा. अठरा दिवस असंच चाललं. एकोणिसाव्या दिवशी "पा" आला. बाविसाव्या दिवशी "पा-णी". "दे" यायला आणखी आठवडा लागला. गल्लीतली पोरं खिडकीबाहेर उभी राहून नक्कल करायची, "पा-णी दे, पा-णी दे." वच्छलाबाई त्यांना हाकलायची. संध्याकाळच्या अर्ध्या तासाला इंद्रभानची मान खाली पडायची. एकदा तो हात आपटता आपटता बसल्या जागी झोपला, आणि जाग आली तेव्हा कलाबाईच त्याचा हात धरून मांडीवर आपटत होती.

फेब्रुवारी सरेपर्यंत चार वाक्यं झाली. पाणी दे. भूक लागली. पाय दुखते. भाईर जाचं. इंद्रभानने सूर धरून दिला की यायची, कधी कधी न धरताही यायची. डॉक्टर शाहीन खूश झाली. इंद्रभान झाला नाही. तो नुसता दमला होता.

मार्चच्या शेवटी ढोलकीवाला सागर घरी आला. जयंतीची बोलावणी सुरू झाली होती.

"भाऊ, देऊळगाव राजाकडं कार्यक्रम हाये. तुमी पेटीवर बसा. गायले एक पोरगी पाह्यली, पायल म्हनून. आवाज बरा हाये तिचा."

"हिले कोनाजवळ ठेवू?"

"जा न तुमी," वच्छलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी हावो. एक दिवस भाईर पडा जरासे."

कलाबाई शेजारीच बसलेली होती. तिने त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला. जा म्हणाली की जाऊ नको, ते त्याला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने विचारलंही नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने पेटीवरची चादर काढली.

कार्यक्रम करून दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. वाजवून हात मोकळे झाले होते, पण दुसऱ्या बाईच्या गाण्यावर वाजवल्याचं ओझं घेऊनच घरात शिरला. कलाबाई जागी होती, तिची बांगडी वाजली. तो काही बोलला नाही. काय बोलणार? तिच्या जागेवर दुसरी बसली होती, ते तिला कशाला ऐकवायचं? पेटी कोपऱ्यात ठेवली, चहा केला, कप तिच्या हातात दिला आणि भिंतीला टेकला.

त्या दिवसापासून कलाबाईने शिकणं बंद केलं. तो हात घ्यायला जायचा, ती काढून घ्यायची. सूर धरायचा, ती तोंड मिटून घ्यायची. आलेली वाक्यंसुद्धा बोलेना. वच्छलाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "भाऊ, ते खुना करते, पन मले बी नाई समजून राह्यलं. पेटीकडं हात करते, तुमच्याकडं करते, अन रडते."

"मी गेलो म्हनून रागावली अशीन."

"अशीन बाप्पा."

पाचव्या दिवशी दुपारी त्याने पुन्हा तिचा हात धरला आणि तिने तो झिडकारला, तशी पाण्याची वाटी कलंडली. इंद्रभानचा बांध फुटला.

"करू तरी काय मी?" तो ओरडला. "मले दिसत नाई, तुले बोलता येत नाई! कोनी कोनाले सांभायाचं? नसन शिकाचं तं नको शिकू! बस तशीच मंग मंग करत!"

बोलून गेला आणि गारठला. ती रडली असती तर ऐकू आलं असतं. ती रडलीही नाही. बाहेर कोणाची तरी मोटरसायकल चालू होत नव्हती, तेवढा एकच आवाज येत राहिला.

पुढच्या बाजाराला तो एकटाच काठी टेकत बियाण्याच्या दुकानामागे गेला. "मॅडम, माह्याच्यानं आता होत नाई," एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसून राहिला. त्याला वाटलं होतं, बाई समजूत घालेल, धीर देईल. ती म्हणाली, "बरोबर आहे. बंद करा."

"काय?"

"आठ दिवस सगळं बंद. शिकवायचं नाही, विचारायचं नाही. छायाला फोन करा, आठ दिवसांसाठी लेकरं घेऊनच ये म्हणावं. आणि तुम्ही झोपा. हे औषध म्हणून सांगते आहे. पुढच्या बाजारी मी घरी येते."

छाया आली. इंद्रभान खरंच झोपला. पहिले दोन दिवस तर जेवणापुरता उठायचा. घरात नातवंडांचा गोंधळ, भाकरी थापण्याचा आवाज, आणि कोणी कूस बदलली तरी आता उठायचं नाही, हे कळल्यावर अंगातला चार महिन्यांचा शीण हळूहळू दुखायला लागला.

पुढच्या बाजारी, उन्हं उतरायच्या वेळी, डॉक्टर शाहीन स्कूटीवरून आली. खाट सोडून खाली सतरंजीवर बसली. छायाने चहा दिला.

"भाऊ, तुम्ही शिकवलेली चार वाक्यं सांगा."

त्याने सांगितली.

"ही वाक्यं कोणाच्या कामाची?"

"तिच्याच. दुसऱ्या कोनाच्या?"

"मला वाटतं तुमच्या. पाणी, भूक, दुखणं. तिला सांभाळायला सोपं जावं म्हणून. चुकलं असं नाही म्हणत. पण बत्तीस वर्षं नवऱ्याशी बोललेल्या बाईला एवढंच बोलायचं असेल?" मग ती कलाबाईकडे वळली. "कलाताई, मी विचारते. हो असेल तर माझा हात दाबा. राग आलाय?"

डॉक्टर म्हणाली, "हो म्हणतात."

डॉक्टर पुढे विचारत गेली, "ते वाजवायला गेले म्हणून?... नाही म्हणतात. दुसरी बाई गायली म्हणून?... नाही. थोडंसं? बरं, थोडंसं." छाया हसली. "मग काय?"

सतरंजीवर सरकल्याचा आवाज आला. कलाबाई पाय ओढत इंद्रभानजवळ आली. तिने डाव्या हाताची बोटं त्याच्या ओठांवर ठेवली आणि दोनदा टकटक केलं. मग स्वतःच्या कानाशी हात नेला असावा, कारण छाया म्हणाली, "बाबा, आई कानाले हात लावते."

"मंग," कलाबाई म्हणाली, आणि पुन्हा त्याच्या ओठांवर टकटक.

"तुम्ही परत आल्यावर तिला काय सांगितलं?" डॉक्टरने विचारलं.

"काई नाई. चहा देल्ला."

हे स्वतःच्या तोंडून बाहेर पडलं आणि इंद्रभानला सगळं उमगलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो कार्यक्रमाहून आला होता आणि एक अक्षर बोलला नव्हता. बोलता येईनासं झालं तरी तिचे कान शाबूत होते. ती रात्रभर वाट पाहत जागी राहिली होती, आणि त्याने तिला चहाचा कप दिला होता.

"कसं झालं, असं इचारत होतीस?" त्याने विचारलं.

तिने त्याचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि मान उभी हलवली. पुन्हा पुन्हा हलवली.

"मग हेच वाक्य शिकवा," डॉक्टर शाहीन म्हणाली. "कसं झालं. दोनच शब्द आहेत."

तिला सोडायला तो दारापर्यंत गेला. तिथे त्याने विचारलं, "मॅडम, तुमी सुई-सलाईन देत नाई, लोक शिव्या देतात. कायले करता असं?"

स्कूटीची किल्ली वाजली, पण गाडी चालू झाली नाही. "माझी अम्मी, इमामबी, अडीच वर्षं अशीच पडून होती देऊळघाटला. मी नवी डॉक्टर. आठवड्याला सलाईन लावायचे. माझ्याच हातानं. तिच्याजवळ बसून बोलायला मात्र वेळ नव्हता मला." मग ती म्हणाली, "मीही थकते भाऊ. आज चौदा पेशंट आले, नऊ जण नाराज होऊन गेले."

"कसं झालं" शिकायला नऊ दिवस लागले. कलाबाई स्वतःच हात आपटायची, आणि अर्धा तास संपला तरी थांबायची नाही. बुद्धपौर्णिमेला गावातल्याच विहारात कार्यक्रम होता, संध्याकाळी लवकर आटोपला. इंद्रभान पेटी घेऊन घरात आला आणि चपला काढत होता, तेवढ्यात आतून मांडीवर थाप पडल्याचा आवाज आला.

"क-सं झा-लं?"

सूर त्याने धरून दिलेला नव्हता. वरून खाली, जरासा थरथरत आलेला. इंद्रभान पेटीसकट उंबऱ्यातच बसला.

"काय सांगू तुले," तो म्हणाला. "सागर तिसऱ्या गाण्यात असा पयाला, जसं कुत्रं मांगं लागलं. अन ते पायल, आवाज गोड हाये तिचा, पन अंतऱ्याले सूर चढते. दोनदा चढला. म्या पेटी दाबून दाबून खाली आनली तिले. लोकाईले नाई समजलं. तुले समजलं असतं."

कलाबाई हसली. घशातून, खरखरीत, पण हसली. मग तो बराच वेळ बोलत राहिला आणि ती मध्ये मध्ये "मंग?" म्हणत राहिली, आणि त्या शब्दाला त्या दिवशी जागेवर अर्थ होता.

पुढचं सांगायचं तर फार मोठं काही झालं नाही. आज कलाबाईजवळ चाळीसेक वाक्यं आहेत. काही आपोआप निघतात, काही सूर धरून काढावी लागतात, आणि दमली की सगळीच हरवतात. मंचावर ती परत गायली नाही. पाळणा आणि दोन-चार जुनी गाणी अख्खी येतात, पण माणसांसमोर म्हणायला ती तयार नाही. इंद्रभान महिन्यातून एखादा कार्यक्रम घेतो, जवळचाच. त्याच्या गुडघ्यांना आता जीपमधलं बसणं सोसत नाही. डॉक्टर शाहीनने गेल्या वर्षी साखरखेर्ड्याची खोली सोडली. पेशंट येत नव्हते. जाताना ती सांगायला आली होती. वच्छलाबाईने तिला बळेच जेवायला बसवलं, आणि ही बाई सुई देत नाही हे तिला तोंडावर सांगितलंही. दोघी हसल्या.

आता दर दोन महिन्यांनी नवरा-बायको एसटीने चिखलीला दाखवायला जातात. परवा तसेच गेले होते. येताना गाडीत गर्दी होती. कंडक्टर आला आणि त्याने विचारलं, "कुठं?" इंद्रभान खिसे चाचपत होता, सवलतीचा पास सापडेना. शेजारी थाप वाजली.

"सा-खर-खेर-डा. दो-न."

अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं, सुरात. मागच्या बाकांवर कोणी तरी खुसखुसलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी गाते की काय?"

"हाव," इंद्रभान म्हणाला, "गाते."

तिकिटं फाटली. गाडी गावाबाहेर पडून मोकळ्या रस्त्याला लागली, आणि कलाबाईचं डोकं हळूहळू त्याच्या खांद्यावर आलं. दवाखान्याच्या दिवशी ती फार दमते. ती झोपली म्हणजे कोणतं गाव आलं ते सांगणारं कोणी नव्हतं. तिला उठवावं असं त्याच्या मनात आलं, पण त्याने उठवलं नाही. मागे वळून, ज्याचा श्वास जवळून ऐकू येत होता त्या माणसाला तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, साखरखेर्डा आलं का सांगजा जरा."